‘दीड महिना हात हलवायचा नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पावसाळ्यात बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, शेवाळलेल्या पायरीवर, घराच्या ओट्यावर किंवा स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला की माणूस आपसूक हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. मनगटाच्या जरा वरचं हाड मोडतं. या मोडीचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस या सर्जनने १८१४ साली केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी. पुढचा क्रम वसईत काय आणि विरारात काय, ठरलेला असतो. एक्स-रे, प्लास्टर, गळ्यात झोळी. माणूस घरी पोचायच्या आत शेजारपाजारचे जमतात आणि निकाल देतात: “आता दीड महिना हात अजिबात हलवायचा नाही हं.”

हा निकाल मायेपोटी दिलेला असतो, म्हणून त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. विचारायला हवा. मोडलेलं हाड हलू नये, एवढंच काम प्लास्टर करतं. बाकीचा हात, म्हणजे बोटं, अंगठा, खांदा आणि प्लास्टर कोपराखाली असेल तर कोपरसुद्धा, रोज हलायलाच हवा. तो हलला नाही की दीड महिन्यांनी हाड जुळलेलं आणि हात मात्र लाकूड झालेला, अशी अवस्था होते. मग त्या कडक हातावर तेल चोळायला हाडवैद्य शोधला जातो आणि प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला दोष दिला जातो. दोष बऱ्याचदा मधल्या सहा आठवड्यांचा असतो. ते आठवडे दवाखान्यात जात नाहीत, घरात जातात.

शंका असेल त्याने प्लास्टरची कडा पाहावी. मनगटासाठी घातलेलं नेहमीचं प्लास्टर तळहाताच्या आडव्या रेषेपाशी थांबतं. ते बोटांच्या टोकापर्यंत नेणं अवघड नाही. डॉक्टर मुद्दाम नेत नाही. बोटं मुळापासून पूर्ण दुमडता यावीत, मूठ वळता यावी, यासाठी ती जागा सोडलेली असते. तिथे घरचे लोक बोटांवर रुमाल गुंडाळून हात झोळीत निपचित ठेवतात तेव्हा ते डॉक्टरने सोडलेली वाट स्वतः बुजवत असतात.

“हलवलं की हाड सरकतं” हा या मंडळींचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. हाड सरकू शकतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. मनगटाचं हाड बसवून घेतलेल्या ५०० प्रौढांपैकी निम्म्यांना नुसतं प्लास्टर दिलं होतं, निम्म्यांच्या हाडात तारा घातल्या होत्या. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हातांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. पण नुसतं प्लास्टर असलेल्या साधारण आठांपैकी एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत जागेवरून हललं आणि त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. हाड सरकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सैल प्लास्टर. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते, मग उतरते. ती उतरली की आत पोकळी राहते आणि हाडाला धरून ठेवणारा दाब कमी होतो. म्हणूनच सुरुवातीला बऱ्याचदा अर्धं, म्हणजे कच्चं प्लास्टर घालतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा एक्स-रेला बोलावतात. “दुखत नाही ना, मग कशाला फेरी मारायची” म्हणून ही फेरी चुकवणारे लोक हाड सरकण्याची खरी जोखीम पत्करतात. मूठ वळणारे नव्हेत.

हा वाद वसईत सुरू झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सर्जनांमध्ये तो चांगलाच पेटला होता. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस म्हणायचा, मोडलेल्या भागाला सक्तीची, अखंड आणि लांबलचक विश्रांती हवी. पॅरिसचा ज्यूस्त ल्यूका-शॅंपियोनिएर म्हणायचा, हालचाल हवी, मालिश हवं, तेही लवकर. गंमत अशी की विश्रांतीचा हा कट्टर पुरस्कर्ता थॉमस वेल्समधल्या परंपरागत हाडवैद्यांच्या घराण्यातला होता. आज दोघांचंही अर्धं अर्धं खरं ठरलं आहे: मोडीला विश्रांती, सांध्यांना हालचाल. वसईच्या ओट्यावर मात्र अजून एकटा थॉमसच राज्य करतो आहे.

त्याच काळात, १८६७ साली, सर जेम्स पॅजेट या लंडनच्या नामवंत सर्जनने हाडवैद्य कोणते रोगी बरे करतात यावर व्याख्यान दिलं होतं. आपल्या व्यवसायबंधूंना झोंबेल अशी गोष्ट त्याने त्यात मांडली. डॉक्टरांनी फार काळ निश्चल ठेवून कडक केलेले सांधे हाडवैद्य जोर लावून मोकळे करतात आणि नाव कमावतात. तेव्हा त्यांच्या चुका टाळा आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं असेल ते शिका, असा त्याचा सांगावा होता. दीडशेहून अधिक वर्षं उलटली तरी हे निदान आपल्याकडे लागू पडतं. प्लास्टरच्या काळात बोटं हलवली असती तर नंतर हाडवैद्याकडे जाणाऱ्यांतले कित्येक जण घरीच राहिले असते.

दुसरा निकाल याहून घातक असतो: “हाड मोडलंय, दुखणारच. गोळी घे आणि सहन कर.”

दुखणं दोन तऱ्हेचं असतं. मोडीचं दुखणं प्लास्टर घातल्यावर, हात उंच ठेवल्यावर आणि गोळी घेतल्यावर कमी होत जातं. दुसरं दुखणं तासागणिक वाढतं, गोळीला जुमानत नाही आणि दुसऱ्याने बोटं हळूच सरळ केली तरी रुग्ण किंचाळतो. आत सूज वाढते आहे, बाहेरचं प्लास्टर ताणत नाही आणि स्नायूंचा रक्तपुरवठा आवळला जातो आहे, याची ही खूण असते. जर्मन सर्जन रिशार्ड फोन फोल्कमान याने १८८१ साली याचा शेवट कसा होतो ते दाखवून दिलं: रक्ताविना स्नायू मरतात, आक्रसतात आणि बोटं पंज्यासारखी कायमची वळून जातात. कोपराच्या वरचं हाड मोडलेल्या लहान मुलांमध्ये हा धोका विशेष असतो. झाडावरून किंवा झोक्यावरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलांत ही मोड नेहमीची आहे. स्नायूंना रक्ताविना साधारण सहा तासांच्या वर तग धरता येत नाही. “उद्या सकाळी दाखवू” म्हणणाऱ्याने हे तास मोजावेत, आणि वसईहून मुंबईकडे निघायचा बेत असेल तर त्यात वरसावे पुलावरची कोंडीही धरावी.

इथे घरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. अशा वेळी प्लास्टर घालणाराच डॉक्टर सापडायला हवा असं मुळीच नाही. वसई गावातलं महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय असो, बंगलीचं कार्डिनल ग्रेशस असो की नालासोपाऱ्यातलं एखादं खासगी हॉस्पिटल, जे जवळ असेल आणि जिथे प्लास्टर कापायची सोय असेल, तिथे गाठायचं आणि तिथल्या डॉक्टरला प्लास्टर उभं चिरायला सांगायचं. चिरण्याने किती फरक पडतो हे गार्फिन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली कुत्र्यांच्या पायांवर मोजलं. एका बाजूने चिरल्यावर आतला दाब सुमारे ३० टक्के उतरला, ती चीर फाकवल्यावर एकूण सुमारे ६५ टक्के. आतल्या कापसाचा थर कापल्यावर तो आणखी कमी झाला. म्हणजे वरचं कवच चिरून कापूस तसाच ठेवला तर काम अर्धवट राहतं.

बोटं पांढरी किंवा निळी पडणं, गार लागणं, मुंग्या येणं, बधिर होणं, हलेनाशी होणं, या खुणा कुठल्याही घरात कुणालाही तपासता येतात. नख दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावं. पहिले दोन दिवस हे दर काही तासांनी, झोपेतून उठवूनसुद्धा पाहायला हवं. मात्र नख गुलाबी आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. स्नायू गुदमरत असताना नख गुलाबी आणि नाडी लागती असू शकते. वाढतं दुखणं हीच सगळ्यात आधी येणारी खूण.

सूज मुळात कमी ठेवायचा उपाय फुकट आहे आणि नेमका तोच झोळीपायी बिघडतो. झोळीत हात लोंबला, मनगट कोपराच्या खाली गेलं की सूज बोटांत उतरते. मनगट कोपराहून थोडं वर असेल अशा उंचीवर झोळी बांधायची. बसताना, झोपताना झोळी काढून हात उशांवर छातीच्या वर ठेवायचा. आणि दागिने पडल्यापडल्याच काढायचे. इथे भल्याभल्यांची अडचण होते. हिरवा चुडा उतरवणं अशुभ म्हणून तो राहतो. ख्रिस्ती घरात लग्नाची अंगठी बोटातून काढायला मन धजत नाही. सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी मग कापावी लागते, म्हणजे जपायची होती ती वस्तूही हातची जाते.

आता हाडवैद्याचा कैवार घेणाऱ्यांकडे वळू. “प्लास्टर हे परदेशी खूळ, आपल्या पट्ट्याने हाड पक्कं बसतं, जितका घट्ट तितका चांगला” असं ते सांगतात. प्लास्टर परदेशी आहे हे खरं. अँटोनियस मॅथिझन या डच लष्करी डॉक्टरने १८५१ च्या सुमारास जिप्समची भाजलेली भुकटी कापडी पट्ट्यांना चोळून ती रूढ केली आणि क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्हने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. पण परंपरेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या करून बांधायला तो सांगतो. त्याच अध्यायात बजावलेलं आहे की बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पू होतो; म्हणून तो मध्यम असावा. बंध किती दिवसांनी सोडून पाहायचा याचा हिशेबही ऋतूनुसार दिला आहे: थंडीत सात दिवसांनी, एरवी पाच, उन्हाळ्यात तीन. घट्ट आवळून महिनाभर न सोडणारा माणूस सुश्रुताचं नाव घेतो तेव्हा तो सुश्रुताच्या विरुद्ध वागत असतो. आज चांगला हाडाचा डॉक्टर प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी बोटं पाहायला बोलावतो, तो या ग्रंथाच्या अधिक जवळ आहे.

आहारातला “आंबट बंद” हा नियमही घरातल्या बायकांनी हवेतून काढलेला नाही. तोही याच अध्यायात सापडतो; मोडीच्या रोग्याला मीठ, तिखट, आंबट वर्ज्य सांगितलं आहे. तेव्हा त्यामागे परंपरा आहे हे मान्य. पण त्यानंतर माहिती पुढे गेली आहे. हाड जोडणारा पहिला मऊ सांगाडा कोलॅजनचा असतो आणि कोलॅजन घडायला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्यास काय होतं याचा भयानक दाखला ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज अॅन्सनच्या १७४० ते १७४४ च्या जलप्रवासात मिळाला: स्कर्व्ही झालेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या जखमा उघडल्या आणि कधीकाळी जुळलेलं हाड पुन्हा सुटलं. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असणाऱ्याला वेगळी गोळी लागत नाही. मोडीच्या नावाखाली ते ताटातून काढून टाकण्याचं मात्र कारण उरलेलं नाही. सोबत अंडी, मासे, डाळ, दूध. ज्या तालुक्यात अर्नाळा आणि पाचूबंदर आहे तिथे मासळी कुणाला शिकवायला नको. त्यापेक्षा बिडी-सिगारेट बंद करायला सांगावं. धूम्रपानाने हाड उशिरा जुळतं, हे पक्कं आहे.

पाण्याच्या बाबतीत वसईची हवा स्वतःच विरुद्ध पक्षात असते. साधं प्लास्टर हाताला टणक लागलं म्हणजे वाळलं असं नाही. पुरतं वाळायला एक ते तीन दिवस जातात, आणि जुलैच्या दमट हवेत त्याहून जास्त. तोवर ते बोटांच्या टोकांनी धरू नये, टेबलाच्या कडेवर टेकू नये. पडलेला खळगा आतून कातडीवर दाब देत राहतो. चुलीपुढे धरून किंवा इस्त्रीने वाळवायचा उद्योगही नको, आतली कातडी भाजते. २०१८ च्या जुलैत नालासोपारा-वसई पट्टा दिवसेंदिवस पाण्यात होता, तशा दिवसांत तर कोरडं कापड आणि पंखा हीच साधनं. फायबरचं प्लास्टर घेतलं की आंघोळीची चिंता मिटली, ही समजूत तर सुशिक्षित सोसायट्यांतही ऐकू येते. फायबरला पाणी लागलं तरी ते विरघळत नाही, पण त्याच्या आतला नेहमीचा कापूस भिजतो, वाळत नाही आणि आत कातडी कुजायला लागते. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी आणि हात पाण्याबाहेर, हे दोन्ही प्रकारांना लागू.

खाजेवर पट्टी, पेन्सिल, विणायची सुई आत घालणारे सगळ्या वयाचे असतात. आत ओरखडा उठतो, कापूस गोळा होतो, कधी वस्तूच आत राहते आणि आठवड्याने दुर्गंधी सुटते. पावडर आणि तेल यांचाही तोच परिणाम. ड्रायरची थंड हवा कडेतून सोडावी किंवा प्लास्टरवर बाहेरून टिचक्या माराव्यात, खाज बरीच शमते.

इतकं झाल्यावर एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो शेजाऱ्यांचा नाही, काही डॉक्टरांचाच आहे. त्यांचं म्हणणं असं: लोकांना बारकावे सांगितले की घोळ होतो. हलवा म्हटलं की बादल्या उचलतात, भाकऱ्या थापतात. त्यापेक्षा “हलवू नका” हे सोपं, सुरक्षित. शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा. अंगठा धरून घातलेलं प्लास्टर, कोपरावरचं प्लास्टर, आत तार किंवा प्लेट असलेली मोड यांचे नियम सारखे नसतात.

शेवटचा भाग खरा आहे. पण वेगळे नियम आहेत म्हणून कोणताच नियम सांगायचा नाही, हे त्यातून निघत नाही. प्रत्येकाला त्याचा नियम सांगावा, एवढंच निघतं. आणि घरच्यांना कळत नाही हे तर पुराव्याला धरून नाही. लहान मुलांच्या मनगटाची हाडाला नुसती वळी पडलेली मोड घेऊन ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ९६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्येच ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात एका गटाला घट्ट आधार दिला, दुसऱ्याला नुसती मऊ पट्टी देऊन घरी पाठवलं. तीन दिवसांनी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. पट्टी कधी काढायची हेसुद्धा आईबापांवर सोडलं होतं आणि त्यांनी ते निभावलं. वाडीत वेलींना मांडव घालणारा निर्मळचा शेतकरी किंवा पावसाळ्यातल्या बंदीच्या ६१ दिवसांत जाळी दुरुस्त करणारा अर्नाळ्याचा कोळी, यांना “मूठ वळा, पण वजन उचलू नका” हे वाक्य समजत नाही असं मानणं म्हणजे आपला वेळ वाचवायची सबब आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते हे नाकारता येत नाही. म्हणून तर कागद हवा.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली आणि पालघर जिल्हा २०१४ साली. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत एका पानाचा कागद छापून प्रत्येक प्लास्टरसोबत देणं दोघांनाही जड नाही. त्यावर आणीबाणीच्या खुणा आणि रात्री गाठायच्या रुग्णालयाचा फोन असावा. जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ पूर्ण वळणं आणि उघडणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणं, हात डोक्याच्या वर नेणं, यांची चित्रं असावीत. ज्या रुग्णाला यातली एखादी हालचाल नको, तिच्यावर डॉक्टरने पेनने काट मारावी. पुन्हा एक्स-रेची तारीख मोठ्या अक्षरांत. आणि आणखी एक तारीख, जी आज जवळपास कुणीच देत नाही: प्लास्टर काढल्यानंतरची.

कारण प्लास्टर निघालं की सगळं संपलं, ही समजूत शेवटची आणि तितकीच खोटी आहे. कापताना भीती वाटण्याचं कारण नाही. होमर स्ट्रायकर या अमेरिकन डॉक्टरने चाळिशीच्या दशकात बनवलेल्या कटरची करवत गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे कडक कवच कापलं जातं आणि मऊ कातडी सहसा नाही. आतून निघालेला हात बारीक, खवल्यांचा, कडक मनगटाचा असतो. त्याला जोर लावून मोडायचं नसतं, दिवसागणिक वाढता भार द्यायचा असतो. सुश्रुताने तळहाताच्या मोडीनंतरचा क्रम सांगितला आहे: आधी मातीचा गोळा धरायचा, मग सैंधवाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. आजचा फिजिओथेरपिस्ट मऊ चेंडूपासून वजनापर्यंत जातो, क्रम तोच.

या काळात बोटं जळल्यासारखी दुखत असतील, कातडी चकाकत असेल, हाताचा रंग आणि घाम बदलला असेल, तर ते कडकपणाचं दुखणं नव्हे आणि त्यावर तेलाची मालिश हा उपाय नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायला हवं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं मनगट नुसत्या उभ्याने पडून मोडलं असेल तर तिची हाडं ठिसूळ झाली आहेत का, याची तपासणीही प्लास्टर काढल्यानंतरच्या फेरीत उरकून घ्यावी, कारण अशा बाईला पुढे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जास्त असतो.